मूळ आकार

खोरोगच्या बाजारात, पुलाच्या अलीकडे आमचं दुकान.
पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स,
आणि मोबाइलवर आलेलं काहीही कागदावर.

नेककदम आली ती वाळवलेल्या तुतीची पिशवी घेऊन,
म्हणजे काम अवघड असणार.
फोन पुढे केला. "मोठा करून दे."
"केवढा?"
तिनं काउंटरच्या काचेवर पंजा पसरला.
"त्याचा हात एवढा दिसेल, इतका."

फोटोत तिचा शोहीन,
अर्खांगेल्स्कजवळच्या लाकूडगिरणीत, दुसरा हिवाळा.
मागे फळ्यांची चळत, अंगात नारिंगी जाकीट,
आपल्याकडे सलाम करतात तसा हात छातीवर.
एकूण वजन एकोणतीस केबी.

वरच्या आळीतला कुणी परतला होता, सांगत होता :
करवतीनं एकाचं बोट गेलं.
कुणाचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी मोठा केला.
मोठा होत होत हात चौकोनांचा झाला,
रोटीच्या रंगाचे सहा-सात चौकोन,
कडेचा एक जरा काळपट.
"ही सावली, की बोट नाही?"

अकरा वर्षं मी लोकांचे चेहरे उजळतो,
मेलेल्या नवऱ्यांना कोट चढवतो,
भांडलेल्या भावांना एका सोफ्यावर बसवतो.
एक बोट काढणं काय अवघड?
शेजारचं उचलायचं, थोडं आखूड करायचं.
खोटं कशाला बोलू,
माउस तिथवर गेलाही होता.

मग तिला समजावलं :
दुशान्बेहून पिठाचं पोतं निघतं,
वाटेत प्रत्येक चौकीवाला मूठमूठ काढून घेतो,
तसं हे.
त्यानं बहिणीला पाठवला, बहिणीनं गटावर टाकला,
गटावरून मेव्हण्याला, मेव्हण्याकडून तुला.
पोतं पोचलं, पीठ वाटेत सांडलं.
"मग त्याच्याकडून आख्खं मागव," ती म्हणाली.

मी लिहिलं : फोटो म्हणून नको, फाइल चढव, लिंक दे.
त्यानं विचारलं : का? दिसत नाही का?
ती म्हणाली, "लिही, डोळे छान आलेत."

साडेनऊ एमबी.
आणि त्या दिवशी गुंतच्या खोऱ्यात वारा,
दुपारचं नेट, जे आमच्याकडे असून नसल्यासारखं.
चित्र वरून खाली उतरू लागलं,
पडदा पाडावा तसं, पण पडदा पाडणारा म्हातारा.
आधी नुसतं आभाळ, पंचवीस मिनिटं.
मग फळ्या, एकेकीची वर्तुळं मोजावीत इतक्या स्वच्छ.
टोपी.
कपाळ. "हा व्रण जर्दाळूवरून पडला तेव्हाचा."
डोळे. त्यावर ती काही बोलली नाही.
हनुवटी. "दाढी नीट करत नाही."
जाकिटाचं दुसरं बटण आलं आणि वीज गेली.

आम्ही अंधारात तुती खाल्ली.
शेजारचा चांभार दोनदा डोकावून गेला.

वीज आली, पुन्हा पहिल्यापासून आभाळ.

हात आला तेव्हा दुकानं बंद होत होती.
हातावर मोजा होता.
लोकरीचा, पाच बोटांचा, तिनंच विणलेला,
न रंगवलेल्या, रोटीच्या रंगाच्या लोकरीचा.
एवढा स्पष्ट की टाका न् टाका वेगळा,
आणि आतलं बोट तरीही आतच.
मला हसू आलं, मी ते गिळलं.

ती मात्र पडद्याला नाक लावून बसली.
हातच्या कांकणाला आरसा लागत नाही,
हात इतका लांब असला तर काय लागतं
ते मी त्या संध्याकाळी पाहिलं.
नखानं तिनं करंगळी दाखवली.
टोक आत मुडपलेलं, वरून टीप.
निळ्या धाग्याची.

"निळा धागा माझ्याकडे कधी नव्हता," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं,
"टाके बरे घालतो."

उठली. पदर झटकावा तसा रुमाल झटकला.
मी विचारलं, सुनेला कुठला पाठवू?
फोन उघडायला तिनं बराच वेळ घेतला.
"पहिला," म्हणाली.
"तो हलका आहे. लवकर जाईल."